लेखकच प्रकाशक : एका छोट्या धंद्याचा जमाखर्च

पुस्तक लिहिणे हे विद्वानांचे काम आणि ते छापणे हे पुण्या-मुंबईच्या बड्या प्रकाशकांचे काम, असा समज आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांत पक्का रुजलेला आहे. वस्तुतः पुस्तक हाही एक माल आहे. त्याला कच्चा माल लागतो, कारागीर लागतात, भांडवल लागते, गोदाम लागते आणि गिऱ्हाईक लागते. फरक एवढाच की हा माल सडत नाही, पण वाळवीला फार आवडतो.

आम्ही स्वतः लिहितो, स्वतः छापून घेतो आणि स्वतःच विकतो. शिलाईचे कटिंग, दुकानदाराची वही, मोटार रिवाइंडिंग अशी हाताला कामाची पुस्तके. या धंद्यात काही बरकत आहे का, असे अनेक बांधव विचारतात. काही जण तर लिहिलेल्या वह्या घेऊनच येतात. त्या सर्वांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हा लेख. आमच्या अनुभवाचे सार असे की छपाईच्या खर्चाने सहसा कोणी बुडत नाही. माणूस बुडतो तो किंमत ठरवताना आणि उधारी वसूल करताना.

हा उद्योग काही आजचा नाही. १८५८ साली मिर्झा गालिब यांचे ‘दस्तंबू’ आग्र्याच्या छापखान्यात छापले जात होते, तेव्हा गालिब दिल्लीत बसून आग्र्याच्या मित्रांना पत्रामागून पत्रे लिहीत होते. प्रतींची बांधणी कशी करावी, अमुक शब्द बदलून घ्यावा, या सगळ्यात त्यांचे लक्ष होते. एवढा मोठा शायर, पण बाइंडिंगच्या चौकशीत त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्या महाराष्ट्रात महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ स्वतःच प्रसिद्ध केली. पुढे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी मराठी ज्ञानकोशासाठी नागपुरास चक्क मर्यादित कंपनी काढली, गावोगाव हिंडून तिचे भाग विकले आणि ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. तेव्हा लेखकाने पैशाची भाषा बोलू नये, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

आता कामाकडे वळू. पहिली गोष्ट कागद. आपल्याकडे साधारण पुस्तक डेमी आकाराचे, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांचे असते. त्याच्या १६ पृष्ठांचा एक फर्मा. बाइंडर लोक यालाच जुज म्हणतात. २३ बाय ३६ इंचांच्या एका तावात असे दोन फर्मे, म्हणजे ३२ पृष्ठे बसतात. १६० पृष्ठांचे पुस्तक म्हणजे १० फर्मे, म्हणजे एका प्रतीला ५ ताव. ५०० प्रती काढायच्या तर २,५०० ताव, म्हणजे ५ रीम. मशीन लावताना खराब होणारा माल धरून अर्धा रीम जादा घ्यावा. ७० जीएसएम मॅपलिथोचा या आकाराचा एक रीम १८ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास भरतो. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. कारण तोच रीम ६० जीएसएमचा असेल तर १६ किलो भरतो, आणि हाताला फरक कळत नाही. कापडवाला जसा ताणा-बाणा बघतो तसा प्रकाशकाने रीम काट्यावर ठेवावा. आमच्या बाबतीत एकदा ७० च्या बिलावर ६० चा कागद आला होता. काट्यावर ठेवल्यावर पुरवठादाराने एक शब्द न बोलता बदलून दिला. वजनापुढे वाद चालत नाही.

छपाईचे दोन मार्ग आहेत. ऑफसेटवर प्लेटा करणे आणि मशीन लावणे हा खर्च १०० प्रतींना जेवढा तेवढाच १,००० प्रतींना. म्हणून प्रती वाढल्या की प्रतीमागे खर्च उतरतो. डिजिटल मशीनवर प्लेट नाही. ५० प्रती काढल्या तरी चालतात, पण प्रतीमागे दर जास्त पडतो आणि मोठ्या संख्येला तो उतरत नाही. नव्या माणसाला छापखान्यात नेहमी एक आमिष दाखवले जाते : “५०० ऐवजी १,००० काढा, वरच्या ५०० प्रती जवळजवळ कागदाच्या भावात पडतील.” बोलणे खोटे नाही. पण कागदाच्या भावात घेतलेला माल घराच्या माळ्यावर पडून राहिला तर तो कागदाच्या भावात विकला जात नाही, रद्दीच्या भावात जातो. आमच्या ओळखीच्या एका सेवानिवृत्त मास्तरांनी २,००० प्रती काढल्या. त्यांच्या घरी आजही पाहुण्याला बसायला दिली जाणारी बैठक त्याच गठ्ठ्यांची आहे, वर चादर घातलेली. आमचा सल्ला असा की पहिली आवृत्ती ३०० ते ५०० च्या पुढे नेऊ नये. माल खपला तर दुसरी आवृत्ती काढायला कोण अडवतो?

अक्षरजुळणीकडे फार बारकाईने बघावे लागते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये उतरवला की जोडाक्षरे उलटीपालटी होतात. ‘ऱ्या’ आणि ‘र्‍ह’ तर हमखास गायब. संगणकाने केलेले आहे म्हणजे बरोबरच असेल, या भरवशावर राहू नये. कागदावर प्रूफ काढून, पट्टी ठेवून, ओळ न् ओळ वाचावी. आणि ज्याने लिहिले त्याने एकट्याने वाचू नये, कारण त्याचे डोळे चूक दिसली तरी मनातले वाचतात. पुस्तकात कुरआनची आयत किंवा अरबी मजकूर असेल तर जबाबदारी दुप्पट होते. मराठी मजकुराच्या मध्ये अरबी ओळ टाकली की काही वेळा अक्षरे सुटी पडतात किंवा शब्दांचा क्रम उलटतो, आणि जुळणी करणाऱ्याला अरबी येत नसल्यामुळे त्याला ते कळतही नाही. अशी ओळ हाफिज साहेबांना दाखवल्याखेरीज प्लेटवर जाऊ देऊ नये. आणखी एक बाब, जी छापखान्याच्या दरपत्रकात कधीच नसते. मशीनवर खराब झालेले ताव रद्दीत जातात आणि रद्दी भज्यांच्या गाडीवर जाते. म्हणून ज्या फर्म्यात आयत आहे त्याचे खराब ताव मोजून परत द्यावेत, अशी बोली आम्ही आधीच करतो. आजवर कोणत्याही मुद्रकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, याला नकार दिलेला नाही. उलट एका मुद्रकाने ते ताव वेगळ्या स्वच्छ कापडात बांधून ठेवले होते.

बाइंडिंगच्या कामात आपल्या समाजाचे कारागीर पूर्वीपासून आहेत, आणि पुस्तकाची खरी परीक्षा त्यांच्याच हाती असते. बांधणी दोन प्रकारची. एक गमाची, स्वस्त आणि झटपट. दुसरी जुजबंदी, म्हणजे प्रत्येक फर्मा दोऱ्याने शिवलेला. कारागिराच्या हाताशी राहणारे पुस्तक रोज उघडले जाते, कटिंगच्या टेबलावर पालथे पडते, म्हणून त्याला जुजबंदीच हवी. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. कथा-कवितांना गम पुरतो. फर्मे एकावर एक लावताना घोटाळा होतो तो असा : एकदा एका वाचकाचा फोन आला की पृष्ठ ४८ नंतर पुन्हा ३३ सुरू होते आणि ४९ ते ६४ कोठेच नाहीत. बाइंडरकडे एक नवा मुलगा कामाला लागला होता, त्याने एका ठिकाणी तोच फर्मा दोनदा उचलला. २२ प्रती तशा निघाल्या. बाइंडरने त्या सोडून पुन्हा बांधून दिल्या आणि जादा मजुरी मागितली नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक छोटी काळी खूण छापून घेतो, दर फर्म्याला जरा खाली सरकलेली. फर्मे बरोबर लागले तर पुस्तकाच्या पाठीवर या खुणांचा सरळ जिना दिसतो. पायरी चुकली की वाचता न येणाऱ्या मुलालाही कळते. बाइंडरची मजुरी मात्र प्रती मोजून घेतल्याबरोबर चुकती करावी. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. आणि धंद्याच्या दृष्टीनेही वेळेवर पैसे देणाऱ्याचेच काम पावसाळ्यात आधी हाती घेतले जाते.

आता किंमत. येथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण बहुतेक लोक येथेच फसतात. समजा, ५०० प्रतींना अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंत सर्व मिळून ४०,००० रुपये लागले. प्रत पडली ८० रुपयांना. नवा लेखक म्हणतो, लोकांना परवडावे म्हणून १५० रुपये किंमत ठेवू, ७० रुपये तर सुटतातच! पण दुकानदार साधारण ४० टक्के कमिशन घेतो. म्हणजे हाती येतात ९० रुपये. ५०० पैकी ५० प्रती तर अशाच जातात : कायद्याने ग्रंथालयांना, अभिप्रायासाठी संपादकांना, उस्ताद मंडळींना, मामा-चाच्यांना. उरल्या ४५०. सगळ्याच्या सगळ्या विकल्या आणि सगळ्यांनी पैसे दिले तर ४०,५०० रुपये येतात. वर्ष-दोन वर्षांच्या धावपळीचा नफा ५०० रुपये! आणि सहा प्रतींचे पैसे बुडाले की तोही गेला. त्याच पुस्तकाची किंमत २५० ठेवली तर दुकानदाराकडून १५० येतात, २६७ प्रतींत भांडवल निघते आणि ४५० गेल्या तर २७,५०० रुपये सुटतात. छापील किंमत पडत किमतीच्या तिप्पट तरी असावी, हा आमचा ठोकताळा आहे. यात नफेखोरी नाही. लेखकाची मेहनत, भाडे, पोस्ट, प्रवास हे सगळे त्यातूनच जायचे असते. लेखक आणि प्रकाशक एकच असला की लेखकाची मजुरी हिशोबात धरायचीच राहते, हा या धंद्यातला सर्वात मोठा लपलेला खर्च होय.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ही गोष्ट चांगली. पण त्याची दुसरी बाजू ध्यानात घ्यावी. विक्रीवर कर नसल्यामुळे कागदावर आणि छपाईवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरावा लागतो. छापखान्याचे दर विचारताना “करासह किती?” हे विचारायला विसरू नये.

भांडवल कोठून आणावे? व्याजाच्या वाटेला न जाता आम्ही प्रकाशनपूर्व नोंदणी करतो. २५० चे पुस्तक आधी पैसे भरणाऱ्याला १८० रुपयांत. १२० जणांनी नोंदणी केली की २१,६०० रुपये, म्हणजे निम्म्याहून जास्त खर्च उभा राहतो. आपल्या फिकहमध्ये यालाच जवळचा व्यवहार ‘बै सलम’ म्हणून सांगितलेला आहे : किंमत सौद्याच्या वेळीच पूर्ण द्यायची आणि माल कोणता, किती, कोणत्या तारखेला, कोठे मिळेल हे आधी पक्के करायचे. म्हणून नोंदणीच्या पावतीवर आम्ही पृष्ठसंख्या, बांधणीचा प्रकार, प्रत मिळण्याची तारीख आणि ती पोस्टाने की दुकानावर, हे सर्व छापतो. तपशिलाबाबत ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. एक गोष्ट मात्र आम्ही अनुभवाने सांगू : दुसऱ्याचे पैसे घेऊन बसल्यावर लिहिण्याचा आळस पळून जातो. नवलेखकाचे पहिले पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजनाही आहे. तिची जाहिरात निघते तेव्हा अर्ज करावा.

वर्तमानपत्रांत आणि फोनवर अलीकडे दुसऱ्याच एका प्रकारच्या जाहिराती येतात. “तुमचे पुस्तक आम्ही प्रसिद्ध करू, अमुक हजार भरा.” काही ठिकाणी काम प्रामाणिक असते, ती छपाईची सेवा आहे, तिचे दाम आहे. परंतु काही जण पैसेही लेखकाचे घेतात आणि हक्कही स्वतःकडे लिहून घेतात. सही करण्यापूर्वी कॉपीराइट कोणाकडे राहणार हे वाचावे. १९५७ च्या कायद्यान्वये पुस्तक लिहिताच हक्क लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हयातभर व त्यानंतर ६० वर्षे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. आयएसबीएन क्रमांकासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नये. नवी दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो फुकट देते आणि स्वतः छापणाऱ्या लेखकालाही देते.

पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत चार प्रती स्वखर्चाने चार ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. हा १९५४ चा कायदा आहे. बरेच छोटे प्रकाशक याकडे दुर्लक्ष करतात. त्याची पोच मात्र किती कामी येते ते पुढे सांगतो. पुस्तकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्यात होती. मार्च २०२४ पासून त्याची जागा घेणारा नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे. तरी नाव-पत्ता छापावाच. टपालाच्या सवलतीसाठीही तो लागतो.

विक्री हा या धंद्यातला सर्वात रंगतदार भाग. पुस्तकांचे दुकानदार माल जांगडवर घेतात. विकला तर पैसे, नाहीतर माल परत. बोली वाईट नाही, सगळ्या व्यापारात चालते. पण हिऱ्याच्या बाजारात जांगडची चिठ्ठी लिहिली जाते. पुस्तकांच्या बाजारात “ठेवून जा, बघू” एवढ्यावर काम चालते. एका शहरातील एका दुकानदाराकडे १,८०० रुपयांसाठी आम्ही सहा खेपा घातल्या. माणूस अत्यंत प्रेमळ. प्रत्येक वेळी खुर्ची, चहा आणि “पुढच्या जुम्म्याला या.” सातव्या खेपेला त्याने निम्मे रोख दिले आणि निम्म्या रकमेची दुसऱ्याच प्रकाशकांची पुस्तके हातात ठेवली. त्यांत एक स्वयंपाकाचे होते, ते घरी उपयोगी पडले. देण्याघेण्याचा मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, असा स्पष्ट हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, साक्षीदारांसह. एवढी मोठी आयत याच विषयावर आहे, आणि आपण मात्र ओळखीच्या माणसाकडे चिठ्ठी मागायला लाजतो. आम्ही आता छापील चलन करतो : किती प्रती, कोणत्या दराने, हिशोबाची तारीख कोणती, न विकलेल्या प्रती कोणत्या स्थितीत परत घेणार. जो सही करतो त्यालाच दहा प्रती. सही न करणाऱ्याशी सलाम-दुआ कायम, व्यवहार रोखीने.

पण आमचा खरा बाजार पुस्तकांच्या दुकानात नाहीच. शिलाईचे पुस्तक विकत घेणारा दर्जी पुस्तकांच्या दुकानात कधी जातो? तो जातो अस्तर, बटणे, कॅनव्हास आणि दोरे मिळतात तेथे. म्हणून आम्ही पाच-पाच प्रती अशा दुकानांच्या गल्ल्याजवळ ठेवल्या. दुकानदाराला कमिशन २५ टक्के. तेवढ्यावर तो खूश, कारण त्याला पुस्तकासाठी वेगळी जागा द्यावी लागत नाही. रमजानच्या आधीच्या दोन महिन्यांत, शिलाईचा हंगाम चढत असताना, तेथे जेवढ्या प्रती गेल्या तेवढ्या पुस्तकांच्या दुकानांतून वर्षात गेल्या नाहीत. रिवाइंडिंगचे पुस्तक तांब्याच्या तारेच्या दुकानात. दुकानदाराच्या वहीचे पुस्तक किराणा होलसेलमध्ये, वजनकाट्याच्या शेजारी. ज्याला जो माल लागतो तो त्याच्या वाटेवर ठेवावा, हे पानवाल्यालाही कळते.

जलसे, उरूस, साहित्य संमेलने येथेही आम्ही पथारी मांडतो. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्या आपल्या लेखकांना एक व्यासपीठ मिळाले. संमेलनाच्या गाळ्याचे भाडे परवडत नसेल तर दोन-तीन छोट्या प्रकाशकांनी मिळून गाळा घ्यावा. उरुसात पुस्तक विकताना एक दृश्य नेहमी दिसते. माणूस पुस्तक उचलतो, उलटसुलट बघतो, किंमत बघतो, ठेवतो, पुढे जातो. तासाभराने बायकोला घेऊन परत येतो आणि तिच्या सांगण्यावरून घेतो. अशा गिऱ्हाइकाला पहिल्या वेळी आग्रह करू नये.

पोस्टाचे गणित डिसेंबर २०२४ नंतर बदलले. रजिस्टर्ड बुकपोस्टची जुनी सवलत तेव्हा बंद झाली आणि साडेचार महिने एकेक प्रत महाग दराने पाठवावी लागली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकीट जमिनीच्या मार्गाने जाते, वेळ लागतो, पण कोठवर पोहोचले ते कळते. नियतकालिके व जाहिरातीचा मजकूर त्यात चालत नाही. वर सांगितलेले १६० पृष्ठांचे पुस्तक कव्हरसह १९० ग्रॅमच्या आसपास भरते, वेष्टण धरूनही पहिल्या टप्प्यात बसते. म्हणूनच पृष्ठे ठरवतानाच वजनाचा विचार करावा. जाड कागद लावून पुस्तक भरदार दिसते, पण ३०० ग्रॅमची रेघ ओलांडली की प्रत्येक प्रतीला कायमचा दंड. पावसाळ्यात मोठे गठ्ठे पाठवायचे तर आधी प्लॅस्टिक, मग पुठ्ठा, मग खाकी कागद. जुलैत एका टेम्पोवाल्याने ४० प्रती ताडपत्रीच्या फाटक्या बाजूला ठेवल्या. माल पोहोचला तेव्हा बाहेरचा कागद लगदा झाला होता आणि आतली पुस्तके कोरडी होती.

आता उस्तादांविषयी. आमच्या कटिंगच्या पुस्तकाचा पाया एका वृद्ध उस्तादांच्या वहीवर आहे. पन्नास वर्षे कात्री चालवलेला माणूस. वहीत मापे उर्दूत, आकडे मराठीत आणि शेरवानीच्या खांद्याचा हिशोब त्यांच्या स्वतःच्या खुणांत. तो त्यांनी सख्ख्या शागिर्दांनाही पुरता सांगितला नव्हता. मुलांपैकी कोणी धंद्यात नाही. रेडीमेडच्या जमान्यात हे कोण विचारतो, असे म्हणत ते वही माळ्यावर टाकायच्या बेतात होते. आम्ही तीन महिने रोज असरनंतर त्यांच्याकडे बसून ते सांगतील तसे लिहून घेतले आणि ब्राऊन पेपरवर त्यांनी काढलेल्या आकृत्या उतरवून घेतल्या. काम सुरू करण्यापूर्वी कागद केला : मुखपृष्ठावर दोघांची नावे, विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे छापील किमतीच्या १० टक्के उस्तादांना, हिशोब दर सहा महिन्यांनी, त्यांच्यामागे हक्क वारसांना. दोन साक्षीदारांच्या सह्या. उस्ताद हसले होते, “घरच्या माणसांत कसला कागद?” म्हणाले. पुस्तक निघाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. २५० च्या पुस्तकाला १० टक्के म्हणजे प्रतीमागे २५ रुपये. ४५० प्रतींना ११,२५०. मघाच्या हिशोबात तेवढी रक्कम वजा केली तरी १६,२५० उरतात, धंदा तोट्यात जात नाही. त्यांच्या बेगम साहिबांकडे दर सहा महिन्यांनी आम्ही प्रतींचा आकडा आणि रक्कम पोहोचवतो. सध्या तिसरी आवृत्ती चालू आहे.

मध्यंतरी एका शिलाई क्लासच्या मालकाने याच पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती काढून, वर स्वतःचे कव्हर चढवून, मुलींना विकायला सुरुवात केली. समजावयास गेलो तर म्हणाला, ही मापे सगळ्यांचीच आहेत, तुमचे काय? मापे सगळ्यांची हे खरे, परंतु त्यांची मांडणी, आकृत्या आणि मजकूर लेखकाचा असतो. आम्ही करार, आयएसबीएनचे पत्र आणि राष्ट्रीय ग्रंथालयाची तारखेची पोच टेबलावर ठेवली. बेगम साहिबांचे नावही सांगितले. पोलीस-कचेरीची भाषा करावी लागली नाही. विकलेल्या प्रतींमागचे त्यांचे २५ रुपये त्याने मोजून दिले आणि पुढच्या बॅचसाठी ४० प्रती रोखीने घेतल्या. पीडीएफचा बंदोबस्त मात्र आम्हाला अजून सापडलेला नाही. ईदच्या दिवशी एका सज्जनाने मुबारकबादीसह व्हॉट्सॲपवर आमचेच पुस्तक आम्हाला पाठवले आणि खाली लिहिले, “फार उपयोगी किताब आहे, जरूर पढावी.” आम्ही जजाकल्लाह म्हटले आणि छापील प्रतीचा पत्ता कळवला. प्रत त्यांनी मागवली. फोनवर आकृती लहान दिसते, मुंढ्याचे वळण नीट कळत नाही, ही आमच्या बाजूची गोष्ट.

वर्षाखेरीची मोजणी आम्ही शाबानमध्ये उरकतो. गोदामातल्या विक्रीच्या प्रती हा माले-तिजारत आहे, त्यावर अडीच टक्के जकात निघते. स्वतःच्या वाचनाची कपाटातली पुस्तके त्यात येत नाहीत. मोल छापील किमतीने नव्हे, त्या दिवशी घाऊक बाजारात जे येईल त्याने धरावे. वाळवी लागलेल्या, पाणी शिरलेल्या प्रती वेगळ्या काढाव्यात आणि त्यांना जो भाव येईल तोच लावावा. जांगडवर दुकानदारांकडे असलेल्या, अद्याप न विकलेल्या प्रती आपल्याच आहेत, त्या मोजणीतून सुटू नयेत. विकल्या गेलेल्या मालाचे जे पैसे यायचे आहेत त्यांपैकी येणार अशी खात्री असलेले एका यादीत आणि बुडीत दिसणारे दुसऱ्या यादीत लिहून मौलाना साहेबांना दाखवावेत. मघाच्या त्या प्रेमळ दुकानदाराचे नाव कोणत्या यादीत घालावे, यावर आमच्या घरात दरवर्षी चर्चा होते.